चाकूची चाल, चाकूचा बोल

"चाकू घ्यायचा तर कारखान्यानं पैसे कुठं वाचवलेत ते आधी शोधा, मग खिशात हात घाला," असं एल्झी फ्यूगेट एकदा आमच्या नव्या पाद्रीबाबांना म्हणाला. पाद्रीबाबा तेव्हा चाकू घेत नव्हते. बाकड्यावर बसलेल्या आम्हा चौघांना रविवारी चर्चला बोलवायला ते आले होते. जाताना मात्र त्यांनी चाकू घेतला, तोही एल्झीनं निवडून दिलेला. रविवारी आमच्यातला कोणी चर्चला गेला नाही.

हे बाकडं डल्सी मॅगर्डच्या दुकानात आहे. खिळे, दोर, कोंबड्यांचं खाद्य, बरण्यांची झाकणं, आणि काउंटरच्या टोकाला चाकूंची काचेची पेटी. पायनी फोर्कच्या दरीत ऊन दहाला उतरतं आणि चारच्या आत डोंगर ते परत मागून घेतो. मधल्या वेळात ज्याची जी कामं असतील ती तो उरकतो. आमची कामं संपलेली आहेत. आम्ही बाकड्यावर बसून देवदाराच्या काटक्या तासतो, आणि तासून काहीच बनवत नाही. संध्याकाळी डल्सी ढलप्या झाडून काढते आणि म्हणते, "आजही होडी झाली नाही वाटतं."

एल्झीनं तेहतीस वर्षं शाळेची बस चालवली. त्या काळी खिशात चाकू नसलेला मुलगा म्हणजे पायात बूट नसलेला मुलगा, आणि मुलींकडेही चाकू असत. बसमध्ये चढताना चाकू कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकायचा आणि संध्याकाळी उतरताना उचलायचा, हा एल्झीचा नियम. मधले सात तास बस शाळेमागं उभी असे आणि एल्झी डबा मांडीवर घेऊन बसलेला असे. एकेक चाकू काढायचा, उघडायचा, मिटायचा, कानाशी न्यायचा. सगळ्या दरीचे चाकू असे त्याच्या हातून गेले. कुणाचा बाप हात राखून आहे आणि कुणाचा दिखाऊ, हे त्याला चाकूवरून कळे. पण तेवढं तो बोलत नसे. बाकीचा निकाल मात्र संध्याकाळी चाकूबरोबर हातात पडे. "घरी सांग, ह्याचं मधलं पातं डगडगतंय. ही थंडी काढणार नाही." ते पातं ती थंडी काढत नसे. मी सहावीत असताना माझा चाकू परत देताना तो म्हणाला होता, "चांगला आहे. तुझ्यापेक्षा जास्त टिकेल." अजून तरी दोघेही आहोत.

घडीच्या चाकूत दोन गोष्टी बघायच्या, असं तो सांगे. चाल आणि बोल. पातं नखानं उचलल्यापासून पुरतं उघडेपर्यंत कसं सरकतं, कुठं अडतं, कुठं खरखरतं, ती चाल. आणि शेवटी स्प्रिंग जागेवर बसताना जो टच्चकन आवाज येतो, तो बोल. बोल नसलेल्या चाकूला तो मुका म्हणे, आणि त्याच्या तोंडात ती शिवी होती. चाल-बोल झाले की चाकू उजेडाकडे धरायचा. स्प्रिंग आणि मुठीच्या आतल्या पितळेच्या पत्र्याच्या मधून केसाएवढा उजेड आला तर चालेल. "बोटाएवढा आला," एल्झी म्हणे, "तर तो चाकू नाही, खिडकी आहे."

पात्याच्या बुडाशी देशाचं नाव कोरलेलं असतं. नवखे लोक आधी तेच वाचतात आणि तेवढ्यावर खूश होतात. "शिक्का कापत नाही," एल्झी म्हणे. तरी स्वस्तातला चाकू घ्यायचा झाला तर तो इथलाच घे म्हणायचा, आणि त्यामागं झेंडा वगैरे काही नव्हतं. बाहेरून आलेला पंधरा-वीस डॉलरचा चाकू त्याच्या हातात दिला की तो आधी हसायचा. मूठ आरशासारखी, खिळे चमचमणारे, डब्याला आतून मखमल. इथला तेवढ्याच किमतीचा चाकू बघावा तर शुक्रवारी दुपारी कोणीतरी घरी जायच्या घाईत जोडल्यासारखा. मूठ खरबरीत, धार एका अंगाला जास्त घासलेली. "पण इथल्यांनी पैसे मुठीवर वाचवलेत, पोलादावर नाही. त्या मखमलवाल्यांनी उलटं केलंय. मूठ तू घरी बसून घासशील रे. पोलाद कुठल्या कानशीनं घासून चांगलं करशील?"

घाईत जोडलेले असल्यामुळं एका पुठ्ठ्यावर अडकवलेले बारा चाकू बारा तऱ्हेचे निघत. म्हणून एल्झी कधी चाकू मागत नसे, अख्खा पुठ्ठा उतरवायला लावी. बाराच्या बारा डोळे मिटून ऐके आणि एक काढी. दरीतल्या निम्म्या खिशांत असे त्यानं काढलेले चाकू आहेत.

असाच एक पुठ्ठा त्यानं वीस वर्षांपूर्वी उतरवला होता. पिवळ्या मुठीचे, तीन पात्यांचे, अठरा डॉलरचे चाकू. त्या दिवशी बरोबर त्याची बायको नोव्हा होती. एल्झीनं अकरा ऐकले, आणि बारावा उचलून आम्हा सगळ्यांना ऐकवला. भिजलेल्या लाकडावर बोट मारावं तसा आवाज.

"मुका," एल्झी म्हणाला. "पुठ्ठ्यावरचा सगळ्यात वाईट. स्प्रिंगमध्ये जीव नाही. डल्सी, हा परत पाठवून दे."

नोव्हानं तो त्याच्या हातातून घेतला, तीनदा उघडला, तीनदा मिटला. "मी हाच घेते."

"अगं, ऐकलंस ना आत्ता?"

"ऐकायला मला रेडिओ आहे."

ही गोष्ट दरीत वर्षानुवर्षं सांगितली गेली. सांगणारा नेहमी एल्झीच्या बाजूनं असे. चाकूतलं एवढं कळणारा माणूस, आणि त्याच्याच घरात मुका चाकू! एल्झीही मान हलवून हसायचा. पण त्या चाकूला धार तोच लावायचा, आणि घरातल्या इतर चाकूंपेक्षा त्याला कमी वेळा दगडावर न्यावं लागायचं. हे त्यानं बाकड्यावर कधी सांगितलं नाही.

आमच्याकडे एक खेळ आहे: न बघता सौदा. दोघांनी आपापला चाकू मुठीत झाकून धरायचा, कुणी कुणाचा बघायचा नाही, 'झाला' म्हणायचं आणि मुठी अदलाबदल करून उघडायच्या. जे आलं ते आपलं. त्यासाठी प्रत्येकजण डाव्या खिशात एक रद्दी चाकू बाळगतो. मूठ उघडली की सौदा फिरत नाही, आणि हे सगळ्यात कडक पाळणारा एल्झीच. डल्सीच्या भावानं एकदा चुकून सासऱ्याचा चाकू देऊन टाकला. बिचारा तो परत मागायला आला. एल्झी त्याला म्हणाला, "गड्या, मूठ उघडली की चाकूला जुना मालक आठवत नाही." त्या भावानं नंतर आमच्या बाकड्यावर बसणं सोडलं.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. नोव्हा सोमवारी पलीकडच्या काउंटीत बहिणीकडे गेली होती आणि शनिवारी सकाळी परत येणार होती, कारण शनिवारी चर्चच्या अंगणात सफरचंदं घोटून त्यांचा मुरंबा करायचा होता. उजाडल्यापासून बायका टोपल्याच्या टोपल्या सोलतात आणि तांब्याच्या कढईत दिवसभर ढवळतात. वीस वर्षं नोव्हानं त्या दिवशी तोच पिवळा चाकू वापरलाय. जाताना तो ती स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून गेली होती.

बुधवारी सकाळी एल्झीला कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्याची शिवण उसवायची होती. हाताशी खिडकीतला चाकू होता. काम झाल्यावर त्यानं तो पिवळा म्हणून सवयीनं डाव्या खिशात टाकला. त्याचा रद्दी चाकूही पिवळाच, त्याच कारखान्याचा, मोठ्या पात्याचं टोक मोडलेला. म्हणजे डाव्या खिशात आता दोन पिवळे.

दुकानात रॉस्को नेपियर वाटच बघत होता. रॉस्कोनं चाळीस वर्षं पावाचा ट्रक चालवला. एल्झीची बस मुलं उतरवायला थांबली की मागं रॉस्कोच्या ट्रकलाही थांबावं लागे, रोज, प्रत्येक थांब्यावर. त्याचा राग त्यानं निवृत्तीनंतरसाठी जपून ठेवला होता.

"काढ रे मूठ," रॉस्को म्हणाला. "आज तुला असा चाकू देतो की रात्री झोप लागणार नाही."

"तू दिलेल्या कशानंच मला झोप लागलेली नाही. पाव पण शिळाच असायचा तुझा."

"झाला?"

"झाला."

मुठी उघडल्या. एल्झीच्या हातात शिंगाच्या मुठीचा, झगमगता, मखमलवाल्यांचा चाकू आला. त्यानं पातं दोन बोटांत धरून हलवलं; ते लहान मुलाच्या दुधाच्या दातासारखं हललं. आम्ही सगळे हसलो. रॉस्कोनं आपल्या हातातल्या पिवळ्या चाकूकडे बघून तोंड वाकडं केलं. "परत हीच रद्दी? गेल्या वर्षीच मी ही तुला दिली होती." आणि न उघडताच खिशात टाकला.

दुपारी घरी गेल्यावर एल्झीनं डावा खिसा टेबलावर रिकामा केला. शिंगाच्या मुठीचा चाकू, आणि टोक मोडलेला पिवळा चाकू. पुढचं त्याला समजायला किती वेळ लागला ते माहीत नाही. त्या दिवशी त्यानं जेवणात राजम्याचं पातेलं तापवायला ठेवलं आणि ते तळापर्यंत करपलं. नोव्हा सांगते, ते पातेलं अजून स्वच्छ झालेलं नाही.

गुरुवारी सकाळी तो दुकान उघडायच्या आधी दारात उभा होता.

"डल्सी, तो पिवळ्या चाकूंचा पुठ्ठा अजून येतो का?"

"येतो की. आता चौतीस डॉलरला झालाय."

"उतरव."

मी तेव्हा खिळे घ्यायला गेलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी बघितलं. एल्झीनं पहिला चाकू उघडला. टच्च. बाजूला ठेवला. दुसरा. टच्च. तोही बाजूला. तिसरा असा वाजला की डल्सीचं मांजर उठून बसलं. एल्झीचा चेहरा पडत गेला.

"वा, ह्या खेपेला माल चांगला आलाय," डल्सी म्हणाली.

"फार चांगला आलाय," एल्झी पुटपुटला. आणखी पाच उघडले. सगळे ठणठणीत. शेवटी तो काउंटरवर ओणवून हळूच म्हणाला, "ह्यातला एखादा जरा... मऊ नाही का?"

"मऊ?"

"म्हणजे ढिला. दबक्या आवाजाचा."

डल्सीनं दोन्ही हात काउंटरवर टेकले. लहानपणी ती त्याच्याच बसमधून जायची. "एल्झीकाका, तुमची तब्येत बरी आहे ना? तुम्ही मुका चाकू शोधताय?"

"मी बघत होतो फक्त."

"तुम्ही तो नोव्हाकाकूंचा हरवलात!"

एल्झीनं माझ्याकडे बघितलं. मी खिळे मोजायला लागलो.

"हरवला नाही," तो म्हणाला. "कुठं आहे ते मला पक्कं माहीत आहे. तेच तर वाईट झालंय."

मग तो सगळं बोलला. रॉस्कोला सरळ सांगून परत का मागत नाही, असं डल्सीनं विचारलं, आणि विचारता विचारता तिलाच तिचा भाऊ आठवला असावा, कारण ती मधेच थांबली. एल्झीही जमिनीकडे बघत होता. सौदा फिरवायला तो कोणत्या तोंडानं जाणार होता?

दुपारी तो रॉस्कोच्या घरी गेला, मुठीत दुसरा एक चाकू झाकून. नवा न बघता सौदा मागायला. रॉस्को ओसरीवर बसला होता.

"चाळीस वर्षांत तू माझ्या पायऱ्या चढला नाहीस," रॉस्को म्हणाला. "कोण मेलं?"

"कोणी नाही. म्हटलं एक डाव करू."

"घरी येऊन? काय आहे मुठीत?"

"ते सांगितलं तर खेळ कसला?"

"मग उद्या बाकड्यावर," रॉस्को म्हणाला आणि त्याला लिंबाचं सरबत दिलं. एल्झीनं ते संपवलं आणि परत आला.

संध्याकाळी नोव्हाचा फोन आला. "शनिवारी मी परस्पर चर्चवरच येते. माझा चाकू घेऊन ये. धार बघून ठेवलीस का?"

"धार आहे त्याला," एल्झी म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

"जेवलास का नीट?"

"जेवलो." हे खोटं होतं. पण चाकूबद्दल तो तेव्हाही खोटं बोलला नाही, हे नोव्हानं मला मुद्दाम दोनदा सांगितलं.

शुक्रवारी बाकडं भरलेलं होतं. रॉस्को, हर्शेल, मी, आणि नेहमी न येणारे तिघं-चौघं उभे. बाहेर डोंगरावरचं धुकं अजून उठलं नव्हतं, दुकानात दिवा लागलेला होता. एल्झी आला तसा रॉस्को उठून काउंटरपाशी गेला. त्यानं खिशातून पिवळा चाकू काढून एल्झीच्या समोर ठेवला.

"बुधवारी हा मी तुझ्याकडून घेतला. मला वाटलं टोक मोडलेली रद्दी. घरी उघडला तर टोक शाबूत. आता मला ह्यातलं काही कळत नाही. तू सांग. रद्दी असेल तर हा बघ डल्सीचा कचऱ्याचा डबा, आत्ता ह्यात टाकतो, ज्याला हवा त्यानं उचलावा. चांगला असेल तर मी ठेवून घेतो."

रॉस्कोनं डबा पायानं काउंटरजवळ ओढला. त्याचं झाकण उघडंच होतं.

मी एल्झीच्या बाजूलाच होतो. त्याला फक्त एक शब्द बोलायचा होता. मुका. तो शब्द त्यानं ह्याच चाकूला, ह्याच जागी, वीस वर्षांपूर्वी म्हटलेला होता. नवीन खोटं रचायचीही गरज नव्हती, जुनंच परत म्हणायचं. चाकू डब्यात पडला असता, तो वाकून उचलता आला असता, आणि शनिवारी नोव्हाच्या हातात गेला असता. आणि जर चांगला म्हणाला तर तो रॉस्कोच्या खिशात गेला, नियमानं, त्याच्याच नियमानं.

एल्झीनं चाकू उचलला. डोळे मिटले नाहीत. मोठं पातं उघडलं, तोच भिजल्या लाकडाचा आवाज आला, आणि हर्शेल सवयीनं म्हणाला, "मुका आहे."

"गप रे," एल्झी म्हणाला.

त्यानं पातं अंगठ्याच्या नखावर आडवं धरून बघितलं. वीस वर्षांत झिजून ते निम्म्या रुंदीचं झालं होतं. कागद मागितला, डल्सीनं पावती-पुस्तकातला दिला. चाकूनं तो असा कापला की दोन्ही तुकडे खाली पडेपर्यंत आवाजच आला नाही. मग तो म्हणाला, "डल्सी, एका भांड्यात पाणी आण. हर्शेल, तुझा चाकू दे."

"माझा कशाला?"

"दे तर."

हर्शेलनं दिला. त्याचा चाकू एल्झीनंच निवडलेला, दरीतला सगळ्यात मोठ्या बोलाचा. एल्झीनं दोन्ही हात पाण्यात बुडवले, आणि ओल्या हातानं हर्शेलचं पातं उघडायला गेला. नख खाचेतून सुटलं. पुन्हा लावलं. पुन्हा सुटलं. तिसऱ्यांदा पातं अर्धं उघडून बोटावर मिटायला आलं आणि त्यानं हात मागं घेतला. मग ओल्याच हातानं नोव्हाचा चाकू. तो दार लोटावं तसा उघडला.

"ती दिवसातून चाळीस वेळा उघडते," एल्झी म्हणाला. तो आमच्याशी बोलत होता की चाकूशी, ते कळत नव्हतं. "हात ओले असतात. शेंगांच्या पाण्यानं, सफरचंदाच्या रसानं, कोंबडीच्या रक्तानं. मी पुठ्ठा ऐकला तेव्हा माझे हात कोरडे होते. मी बसमध्ये बसून ऐकायला शिकलो. बसमध्ये काही कापायचं नसतं."

"म्हणजे?" रॉस्कोनं विचारलं.

"म्हणजे चांगला आहे." एल्झीनं चाकू काउंटरवर ठेवला. उघडाच. "पोलाद पहिल्या दिवसापासून चांगलं होतं, ते मला धार लावताना कळलं आणि मी बोललो नाही. स्प्रिंग मऊ आहे ती बिघडलेली नाही. ती ज्याच्यासाठी हवी त्याच्यासाठी बरोबर आहे. पुठ्ठ्यावरचा हा सगळ्यात चांगला होता. मी त्याला सगळ्यात वाईट म्हटलं. निवडला नोव्हानं."

"आणि किंमत?"

"अठरा डॉलरला घेतला होता. आज काय लावायची ते मला सांगता येत नाही."

ह्या बाकड्यावर एल्झीला एखाद्या चाकूची किंमत सांगता आली नाही, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. आम्ही सगळे रॉस्कोकडे बघायला लागलो. रॉस्कोनं आपल्या बोटांकडे बघितलं, मग छताकडे.

"बुधवारी रात्रीच माझी बायको म्हणाली, हा नोव्हाचा चाकू तुझ्याकडे कसा?" तो म्हणाला. "म्हटलं, आता एल्झी काय म्हणतो ते बघूया. वाटलं होतं डब्यात टाकायला लावशील. मी तयारीनं आलो होतो. डब्यात खाली रात्रीची अंड्यांची टरफलं पण टाकून ठेवलीत."

"कुणी? माझ्या डब्यात?" डल्सी ओरडली.

"गप गं. एल्झी, सौदा फिरवता येत नाही."

"माहीत आहे."

"पण नवा करता येतो." रॉस्कोनं नोव्हाचा चाकू मिटला, सगळ्यांच्या देखत मुठीत घेतला आणि मूठ पुढं केली. "न बघता."

एल्झीनं खिशात हात घातला. बाहेर आलेल्या मुठीत काय होतं ते कुणी विचारलं नाही. शिंगाच्या मुठीचं एक टोक त्याच्या करंगळीखालून चमकत होतं, तिकडेही सगळ्यांनी न बघायचं ठरवलं.

"झाला?"

"झाला."

मुठी उघडल्या. एल्झीनं पिवळा चाकू शर्टाच्या खिशात घातला, छातीवर, जिथं तो कधी चाकू ठेवत नसे.

आणि तेव्हा हर्शेलच्या डोक्यात प्रकाश पडला. तो आपला चाकू हातात धरून, त्याच्या खाचेकडे बघत, बाकड्यावरून उठला.

"थांब जरा. हा चाकू तू मला ब्याऐंशी साली निवडून दिलास. ह्यानं दोनदा माझं नख मुळापासून उपटलंय. मी तेव्हा म्हणालो होतो, एल्झी, हा फार घट्ट आहे. तू म्हणालास, बोल ऐक!"

"मलाही हेच म्हणाला होता," मागं उभा असलेला एकजण म्हणाला. "मासे साफ करताना तो मी दातांनी उघडतो!"

"दातांनी?"

"मग कशानं? बोल ऐकत होतो ना मी!"

"म्हणजे चाळीस वर्षं ह्या दरीनं आवाज विकत घेतला!" रॉस्को आनंदानं मांडी थोपटत म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर तेहतीस वर्षांच्या सगळ्या थांब्यांचं समाधान होतं. मग त्यानं आपला खरा, उजव्या खिशातला चाकू काढला, तो उघडायला लागला, आणि त्याचं हसू हळूहळू उतरलं. "एल्झी... माझा कोणी निवडला होता रे?"

एव्हाना सगळ्यांचे चाकू बाहेर आले होते. पाण्याच्या भांड्याभोवती गर्दी झाली. जो तो हात बुडवून आपलं पातं उघडायला बघत होता, नखं सुटत होती, कुणी शिव्या देत होतं, कुणी हसत होतं, आणि टच्च टच्च असा आवाज सगळ्या दुकानात भरला होता. पाद्रीबाबा फुलकोबीचं बी घ्यायला आले होते. त्यांनीही आपला चाकू काढला.

"एल्झीकाका," त्या गोंधळातून डल्सी ओरडली, "सोमवारी नवा पुठ्ठा येतोय! आता ह्यांना कुठला निवडून द्यायचा ते तरी सांगून जा!"

एल्झीनं टोपी नीट केली, भांड्याभोवतीच्या आमच्या ओल्या हातांकडे एकवार बघितलं, दार लोटलं, आणि निघून गेला.